डेथ कॅफे, अर्थात मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलण्याच्या बैठका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न बैठकीला येणाऱ्या, येऊ इच्छिणाऱ्या आणि येण्यास ठाम नकार देणाऱ्या अशा सर्व प्रकारच्या लोकांनी फोनवर, व्हॉट्सअॅपवर किंवा बैठक संपल्यावर चपला घालता घालता विचारलेले आहेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेथ कॅफे म्हणजे नेमके काय? तिथे गेल्यावर काय होते?

डेथ कॅफे ही कायमची जागा नसून एक बैठक असते. एरवी एकमेकांना न ओळखणारी आठ-दहा माणसे साधारण दोन तास एकत्र बसतात, चहा घेतात, काहीतरी खातात आणि मृत्यूविषयी बोलतात. व्याख्यान नसते, प्रमुख पाहुणे नसतात, विषयपत्रिकाही नसते. सुरुवातीला यजमान नियम सांगतो, प्रत्येक जण आपले नाव आणि येण्याचे कारण एक-दोन वाक्यांत सांगतो, आणि पुढे बोलणे जिकडे जाईल तिकडे जाऊ दिले जाते. कोणी वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलतो, कोणाला विद्युतदाहिनीत नेमके काय होते हे विचारायचे असते, कोणाला एकटे मरण्याची भीती वाटते, तर कोणाला मरणापेक्षा अंथरुणाला खिळून राहण्याची धास्ती अधिक असते. ही शेवटची धास्ती जवळजवळ प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी बोलून दाखवतेच. अखेरीस कोणताही ठराव होत नाही आणि कोणालाही काही कबूल करून जावे लागत नाही.

२. ही कल्पना कोणाची? परदेशातलीच ना?

हो, सुरुवात परदेशातली आहे. बर्नार क्रेताझ या स्विस समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये न्यूशातेल येथे मृत्यूविषयी बोलण्यासाठी पहिली ‘कॅफे मोर्तेल’ बैठक घेतली. त्याविषयी वर्तमानपत्रात वाचून लंडनच्या जॉन अंडरवूड यांनी सप्टेंबर २०११ मध्ये हॅकनी भागातील आपल्या घरी पहिला डेथ कॅफे भरवला. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या आई, सू बार्स्की रीड, त्यात सहभागी होत्या. पुढच्याच वर्षी दोघांनी यजमानांसाठी मार्गदर्शिका तयार करून सर्वांना मोफत उपलब्ध करून दिली, त्यामुळे कोणत्याही शाखा किंवा फी नसतानाही ही पद्धत अनेक देशांत पसरली. अंडरवूड २०१७ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी, निदान न झालेल्या रक्ताच्या कर्करोगामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन अचानक गेले. त्यानंतर हे काम त्यांच्या आई आणि बहीण यांनी पुढे चालवले.

३. घरात असे अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे आमच्याकडे मानतात. बोलल्याने काही वाईट तर होणार नाही ना?

बोलल्याने मृत्यू जवळ येत नाही. तरीही हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही कधी हसत नाही, कारण त्यामागे आपल्या माणसाला जपण्याची इच्छा असते. फक्त एक आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या पिढीने ‘शुभ बोला’ म्हणून दटावले, त्याच पिढीतील अनेक आज्यांच्या देवघरात काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगाजलाचा छोटा तांब्याचा गडू असे, आणि तो कशासाठी ठेवला आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. कोणते लुगडे नेसवायचे, कोणत्या पाटल्या कोणत्या नातीला द्यायच्या, हे त्या पापड लाटता लाटता सांगून टाकत. आपल्याकडे हे बोलणे पूर्वीपासून होते. मरण घरातून रुग्णालयात गेले, तेव्हा ते मागे पडले. घरात बोलायला मन धजावत नसेल, तर बैठक घराबाहेर असते ही सोयच समजावी.

४. आपल्याकडे दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसे हे सगळे आहेच की. मग वेगळी बैठक कशाला?

हा आम्हाला आलेला सर्वांत विचारी आक्षेप आहे. मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांची आपली व्यवस्था खरोखर शहाणी आहे. घरात चूल पेटवावी लागत नाही, शेजारी पिठले-भात आणून देतात, आणि येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ असे विचारत असल्यामुळे घरच्यांना तीच हकीकत इतक्यांदा सांगावी लागते की सांगता सांगता ती त्यांच्या स्वतःच्या पचनी पडू लागते. डेथ कॅफे या व्यवस्थेची जागा घेऊ पाहत नाही.

परंतु हे सगळे बोलणे माणूस गेल्यानंतरचे असते आणि ज्याच्याविषयी ते चालते, तो ऐकायला किंवा दुरुस्ती करायला हजर नसतो. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक एकेक इच्छा आठवू लागतात: धाकट्याचे लग्न राहिले असेल का, गावच्या घराचा वाद मनात असेल का, बहिणीशी अबोला होता तो खुपत असेल का. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडून मोठ्याने म्हणते, ‘काका, काळजी करू नका, ताईला आम्ही अंतर देणार नाही.’ या क्षणी तिथे उभे राहिलेल्या कोणालाही त्यातील कळकळ खोटी वाटत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की हा प्रश्न काकांना ते असताना विचारता आला असता, आणि हे वचन त्यांना कानांनी ऐकता आले असते. बैठकीत आपण घरच्यांना काही विचारत नाही हे खरे, पण तोंडातून न निघणारे शब्द अनोळखी माणसांसमोर एकदा उच्चारून पाहिले की ते घरी उच्चारणे पुष्कळ सोपे जाते.

५. माझे जवळचे माणूस नुकतेच गेले आहे. मी येऊ का?

येऊ शकता, पण थोडे थांबून यावे असे आम्ही सुचवतो. ही शोकगटाची किंवा समुपदेशनाची बैठक नाही. शेजारी बसलेली व्यक्ती मृत्यूविषयी कुतूहलाने, अलिप्तपणे किंवा हसतसुद्धा बोलत असेल, आणि ताज्या दुःखात ते सहन होईलच असे नाही. किती थांबावे याचे ठरलेले माप नाही. इतरांचे अनुभव ऐकण्याइतकी जागा मनात आहे का, हे स्वतःला विचारावे. झोप, जेवण आणि रोजची कामे बराच काळ विस्कटलेली असतील, तर बैठकीऐवजी समुपदेशकाकडे जाणे योग्य ठरेल.

६. मला स्वतःलाच बरा न होणारा आजार आहे. तिथे मला सगळे वेगळ्या नजरेने बघतील का?

सांगायचे की नाही हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. अनेक आजारी माणसे येतात, कारण घरी प्रत्येक जण ‘होशील गं बरी’ म्हणून विषय बदलतो आणि इथे कोणी तो बदलत नाही. मात्र वेदना, धाप, मळमळ अशा त्रासांवर बैठक हा उपाय नाही. त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा, आहे. उपचार चालू असतानाही ती घेता येते आणि ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करत आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

७. फी किती? आणि अशा बैठकीत खाणेपिणे कसे काय?

फी नाही. जागेचे भाडे किंवा चहापाण्याचा खर्च निघावा म्हणून ऐच्छिक वर्गणी ठेवली जाऊ शकते, पण कोणालाही नफा होता कामा नये. मूळ मार्गदर्शिकेत चहा आणि केक यांचा मुद्दाम उल्लेख आहे. समोर खाणे असले की माणसे सैलावतात आणि शरीराला आपण जिवंत असल्याची जाणीव राहते. गोड खायला संकोच वाटणाऱ्यांसाठी आम्ही उपमा किंवा चिवडाही ठेवतो.

८. काही न बोलता नुसते बसले तर चालेल का?

चालेल. नाव सांगून ‘मी आज ऐकायला आलो आहे’ एवढे म्हटले तरी पुरे, आणि यजमान तुम्हाला पुन्हा छेडणार नाही.

९. मी देवभक्त आहे, तर माझा मित्र नास्तिक. तिथे कोणाची बाजू घेतली जाते?

कोणाचीही नाही. कोणालाही विशिष्ट निष्कर्षाकडे, वस्तूकडे किंवा कृतीकडे न्यायचे नाही, हा डेथ कॅफेचा पायाभूत नियम आहे. पुनर्जन्मावर, मोक्षावर, कयामतीवर किंवा काहीच उरत नाही यावर तुमचा विश्वास असेल, तर तो ‘मला असे वाटते’ या स्वरूपात जरूर मांडावा. ‘तुम्ही असे करायला हवे’ हे वाक्य आले की यजमान नम्रपणे थांबवतो, मग बोलणारा कीर्तनकार असो वा विवेकवादी कार्यकर्ता.

१०. आई-वडिलांपाशी हा विषय काढायचा कसा? त्यांना वाटेल, आम्ही त्यांच्या जाण्याची वाट बघतोय.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, विशेषतः पन्नाशीच्या आसपासच्या मुलामुलींकडून. थेट ‘तुम्हाला काही झालं तर’ अशी सुरुवात केली की बहुतेक वडीलधारी माणसे ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून उठून जातात. त्यापेक्षा एखाद्या परिचिताच्या घटनेवरून सुरुवात करावी: ‘समोरच्या जोशीकाकांना महिनाभर व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं, तुम्हाला काय वाटतं त्याबद्दल?’ पैसे आणि मालमत्ता यांचा उल्लेख पहिल्या दिवशी अजिबात करू नये. अनेकदा स्वतःपासून सुरुवात करणे अधिक सरळ असते: ‘मी माझ्यासाठी असं ठरवलंय, तुम्हाला ते योग्य वाटतं का?’

एका ताईंनी बैठकीत सांगितलेला प्रसंग त्यांच्या अनुमतीने देत आहोत. वडील स्वयंपाकघरात गवार निवडत बसले होते. ताईंनी विचारले, ‘अण्णा, शेवटी तुम्हाला दवाखान्यात राहायला आवडेल की घरी?’ अण्णांनी वर न बघता आणखी दोन-तीन शेंगा मोडल्या आणि म्हणाले, ‘घरीच. पण मग तुझ्या नोकरीचं काय?’ अण्णांना मरणाचे भय वाटते असा या ताईंचा समज होता. प्रत्यक्षात त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता, आणि मुलीवर भार पडेल म्हणून ते गप्प होते. त्यानंतर बोलणे मरणाविषयी राहिलेच नाही. परिचारिका किती तास ठेवता येईल, पलंग कोणत्या खोलीत लावायचा, रात्री कोण उठेल, यावर ते तासभर चालले.

एकाच वेळी सगळे उरकण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या खेपेला एकच गोष्ट कळली तरी ती लिहून ठेवावी आणि बाकीच्या भावंडांनाही सांगावी, कारण अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून एकाला माहीत असलेली इच्छा दुसऱ्याला पटवून देणे फार अवघड जाते.

११. बैठकीत लिव्हिंग विल करून मिळते का? आपल्याकडे ते कायदेशीर आहे का?

लिव्हिंग विल म्हणजे आपण निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत किंवा नकोत, हे आधीच लिहून ठेवणे. बैठकीत ते करून मिळत नाही आणि मिळूही नये (कारण प्रश्न ९ मध्ये आहे). मात्र आपल्या देशात ते कायदेशीर आहे, ही माहिती प्रत्येकाला असावी.

पार्श्वभूमी मुंबईचीच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयात निपचित अवस्थेत होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी उपचार थांबवण्याची परवानगी दिली नाही, परंतु विशिष्ट परिस्थितीत कृत्रिम जीवरक्षक उपचार काढून घेता येतील हे तत्त्व मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे सांगून आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजेच लिव्हिंग विलला, मान्यता दिली. त्या निकालातील प्रक्रिया इतकी किचकट होती की ती क्वचितच वापरली जाई, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता सज्ञान आणि शुद्ध मनाच्या कोणत्याही व्यक्तीला असा निर्देश लिहिता येतो. दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. आपण निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसू तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावे त्यात लिहायची असतात. त्याची प्रत त्या व्यक्तींना, कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याला द्यायची असते. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवला. निर्देश केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येतो.

दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला, या निर्देशामुळे साध्या आजारात कोणी उपचार बंद करत नाही; बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेतच तो लागू होतो, आणि तोही रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीनंतर. दुसरा, इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणे हा भारतात आजही गुन्हाच आहे.

१२. मग मृत्युपत्र, अवयवदान, देहदान यांबद्दल तिथे बोलायचेच नाही का?

बोलायचे, फक्त अर्ज वाटायचे नाहीत. वारंवार होणारा घोळ टाळण्यासाठी थोडक्यात: मृत्युपत्र संपत्तीविषयी असते आणि मृत्यूनंतर लागू होते, तर प्रश्न ११ मधील निर्देश उपचारांविषयी असतो आणि जिवंतपणीच लागू होतो. मृत्युपत्राला मुद्रांक कागद लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, पण दोन साक्षीदार लागतात. गोव्यात वारसांसाठी अर्धा हिस्सा कायद्याने राखीव असल्यामुळे तेथील वाचकांनी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

मरणोत्तर दानात मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसारखे अवयव मुख्यतः मेंदूमृत्यूनंतर, रुग्णालयातच काढता येतात. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी साधारण सहा तासांच्या आत होऊ शकते. देहदानापूर्वी नेत्रदान बहुधा चालते, पण शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालये सहसा घेत नाहीत. आणि दात्याचे कार्ड पाकिटात असून भागत नाही, कारण त्या वेळी संमती नातेवाइकांचीच विचारली जाते. म्हणून प्रश्न १० पाहावा.

१३. आम्ही अमेरिकेत आहोत, आई-बाबा सांगलीला. ऑनलाइन बैठकीत येता येईल का?

येता येईल. कोविडच्या काळापासून ऑनलाइन बैठका रूढ झाल्या आहेत आणि परदेशस्थ मराठी मुलेमुली त्यांत मोठ्या संख्येने दिसतात. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होणे, विमान पकडूनही अंत्यदर्शन न मिळणे, अंत्यविधी मोबाईलच्या पडद्यावर पाहावा लागणे, हे त्यांचे खास अनुभव आहेत आणि ते समजून घेणारी माणसे प्रत्यक्ष भोवताली क्वचितच असतात. अट एवढीच की खोलीत एकटे बसावे, हेडफोन लावावा आणि रेकॉर्डिंग करू नये.

१४. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशी बैठक घ्यायची आहे. काय तयारी लागते?

यजमानाला कोणतीही पदवी लागत नाही. ऐकण्याची सवय लागते, आणि स्वतःच्या ताज्या दुःखातून तो बऱ्यापैकी बाहेर आलेला असावा लागतो. वाचनालयाची खोली, सोसायटीचे सभागृह, एखाद्याची मोठी गच्ची अशी जागा चालते. जिना न चढता पोहोचता येणारी असेल तर उत्तम. खुर्च्या गोलाकार ठेवाव्यात, व्यासपीठ आणि माईक नको. दहापेक्षा जास्त माणसे झाल्यास दोन गट करून प्रत्येकाला एक यजमान द्यावा. डॉक्टर, वकील किंवा गुरुजी यजमान होऊ शकतात, पण त्यांनी त्या दोन तासांत सल्ला देऊ नये. ज्यांना हे जमत नाही त्यांनी साधे सहभागी म्हणून यावे. विम्याची माहितीपत्रके, आश्रमाच्या देणगीपावत्या किंवा वृद्धाश्रमाची जाहिरात टेबलावर येता कामा नये. संघाला ‘मृत्युपत्र कसे करावे’ यावर तज्ज्ञांचे भाषण ठेवायचे असेल, तर ते अवश्य ठेवावे, पण दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या नावाने.

१५. प्रायोपवेशन, सल्लेखना यांवर चर्चा होऊ शकते का?

होऊ शकते आणि महाराष्ट्रात ती होणारच. सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी व औषध सोडून देह ठेवला, हे अनेक ज्येष्ठांना स्वतःच्या आठवणीतून सांगता येते. जैन परंपरेतील सल्लेखनेला बेकायदा ठरवणाऱ्या राजस्थान उच्च न्यायालयाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये स्थगिती दिली. मते मांडावीत, पण कोणालाही त्या दिशेने प्रोत्साहन देऊ नये. या चर्चेत एक वेगळी गोष्ट आम्ही आवर्जून स्पष्ट करतो: अखेरच्या दिवसांत रुग्णाची भूक आपोआप मंदावते, तो व्रताचा किंवा हट्टाचा भाग नसतो. अशा वेळी बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओठ ओले ठेवणे आणि जवळ बसणे हीच तेव्हाची सेवा असते.

१६. बैठकीत कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, किंवा घरात एखाद्या वृद्धाची आबाळ होत असल्याचे कळले, तर गुप्ततेचे काय?

बैठकीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही हा नियम आहे, पण एखाद्याच्या जिवाला धोका असेल तिथे तो थांबतो, आणि हे यजमानाने सुरुवातीलाच सर्वांना सांगितलेले असावे. आत्महत्येने गेलेल्या आप्ताविषयी बोलण्यास मोकळीक असते. मार्ग किंवा साधने यांचे वर्णन मात्र करू दिले जात नाही. कोणी स्वतःविषयी असा विचार व्यक्त केला, तर यजमान त्या व्यक्तीला विश्रांतीत बाजूला घेऊन सरळ शब्दांत विचारतो, एकटे घरी पाठवत नाही, तिच्या संमतीने जवळच्या माणसाला फोन करतो आणि १४४१६ या क्रमांकावरील टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मोफत सेवेशी जोडून देतो. धोका तातडीचा असेल तर संमतीसाठी थांबत नाही.

वृद्धाच्या आबाळीबाबत सगळ्यांसमोर उलटतपासणी करू नये, कारण बोलणाऱ्याने पुष्कळदा पहिल्यांदाच तोंड उघडलेले असते. नंतर स्वतंत्रपणे त्यांना २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याची आणि त्याखालील न्यायाधिकरणाची माहिती द्यावी, तक्रार करायची की नाही हे त्यांना ठरवू द्यावे, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून फोन करून विचारपूस करावी.